लॅपटॉपशेजारची बाटली : लक्ष लागतं, की लागल्यासारखं वाटतं?

वस्तीत घरोघर फिरताना आया आम्हाला हल्ली एक नवीनच वाक्य ऐकवतात. "तो तसा पीत नाही हो ताई, फक्त लॅपटॉपवर काम करताना घेतो." त्या वाक्यात सुटकेचा श्वास असतो. या बाईनं आपला बाप पाहिलेला असतो, कधी नवराही. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर, रात्री शिवीगाळ, सकाळी कामाला दांडी. त्यापुढे हा पोरगा म्हणजे देवमाणूसच वाटावा असा. दिवसभर राबून येतो, जेवतो, साडेनऊला लॅपटॉप उघडतो. शेजारी बिअरची बाटली नाहीतर क्वार्टर. बारा-एकपर्यंत मान खाली घालून बसतो. ना भांडण, ना आवाज. आईला वाटतं, अभ्यास करतोय.

आणि तो अभ्यास करतोय हे खरंच आहे. दिवसा कुणी डिलिव्हरीला जातो, कुणी कॉल सेंटरला, कुणी कुठल्या ऑफिसात डेटा एंट्री करतो. रात्री हीच मुलं पायथन, जावा शिकतात, कुणी छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवून चार पैसे मिळवतो. बरीचशी घरातली पहिली ग्रॅज्युएट. म्हणूनच हा विषय व्यसनमुक्तीच्या नेहमीच्या भाषणात कोंबायचा नाही असं आम्ही ठरवलं. ते भाषण ही मुलं ऐकत नाहीत, कारण ते आपल्याबद्दल नाही असं त्यांना वाटतं. विचारलं तर म्हणतात, "मजेसाठी नाही घेत ताई. दोन घोट गेले की लक्ष लागतं."

तर त्याच वाक्याकडे बघू. दारूनं लक्ष लागतं का?

लागत नाही. पण लागल्यासारखं वाटतं, आणि मुलगा थाप मारत नसतो. त्या वाटण्याला शरीरात कारण आहे, ते आधी समजून घ्यायला हवं.

आपल्या मेंदूत काही रसायनं ब्रेकसारखी काम करतात, काही अ‍ॅक्सिलरेटरसारखी. ब्रेकचं मुख्य काम करणाऱ्याला गाबा म्हणतात, अ‍ॅक्सिलरेटरचं काम करणाऱ्याला ग्लुटामेट. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटर सैल करते. जोडीला डोपामिन नावाचं बरं वाटवणारं रसायन थोडं वाढतं. आता दिवसभराची कल्पना करा. सुपरवायझरनं चारचौघांत बोललेलं, मोबाइलचा हप्ता, बहिणीचं लग्न, सोबतच्या मित्राला लागलेली नोकरी. दहा बाय दहाच्या खोलीत चालू टीव्ही, शेजारचा मिक्सर, नळावरची गडबड. हे सगळं डोक्यात घेऊन मुलगा बसलेला असतो. पहिला पेग गेला की ही सगळी गर्दी मागे सरकते. समोर फक्त स्क्रीन उरतो. १९९० साली स्टील आणि जोसेफ्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेला नजर जवळची होणं अशा अर्थाचं नाव दिलं. समोर जे ठळक आहे तेवढंच दिसतं, बाजूचं आणि पुढचं पुसट होतं. समोर लॅपटॉप असेल तर लॅपटॉप दिसतो. समोर भांडणारा माणूस असेल तर तोच दिसतो, आणि मग मारामारी होते. रसायन तेच.

म्हणजे त्या मुलाला जे मिळालं ते चिंतेतून थोडा वेळ सुटका. त्याला तो 'लक्ष' म्हणतो. चिंता कमी होणं वेगळं आणि डोकं जास्त चालणं वेगळं.

कोडिंग काय असतं हे आपल्यातल्या बऱ्याच घरांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरला एकेक पायरी लिहून सांगायची. हे असेल तर ते कर, नसेल तर दुसरं कर, असं शंभर वेळा कर. एका ओळीत बदल केला की त्याचा परिणाम खाली दोनशेव्या ओळीत होतो. लिहिणाऱ्याला एकाच वेळी पाच-सात गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि त्यातली एक जरी निसटली तरी सगळं बंद पडतं. आम्ही वॉर्डात काम केलेल्या बायका. चार पेशंटची सलाइन, एकाचं इन्सुलिन, दुसऱ्याला अमुक औषधाची अ‍ॅलर्जी, हे सगळं डोक्यात धरून थेंबांचा हिशेब करायचा असतो. तेव्हा कुणी म्हणालं असतं की सिस्टर, दोन पेग घ्या म्हणजे हिशेब नीट होईल, तर? ही डोक्यात धरून ठेवण्याची जी ताकद आहे, नेमकी तीच दारूनं आधी ढिली होते. पाय लटपटायच्या, जीभ जड व्हायच्या कितीतरी आधी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. २००९ साली अमेरिकेत सेएट, रायकल आणि स्कूलर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पुरुषांना दारू दिली, काहींना दारूसारखं वाटेल असं नुसतं पेय दिलं, आणि सगळ्यांना टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' कादंबरीतला भाग वाचायला बसवलं. मधूनमधून विचारायचं, आत्ता तुमचं मन वाचण्यात होतं की भलतीकडे? शिवाय मन भटकलंय असं आपलं आपल्याला कळलं तर बटण दाबायचं. दारू घेतलेल्यांचं मन जास्त भटकत होतं. पण ते भटकलंय हे त्यांचं त्यांना फार कमी वेळा कळत होतं. विचारलं की सापडत होते, स्वतःहून पकडत नव्हते.

आता लॅपटॉपसमोरच्या मुलाकडे पुन्हा बघा. शुद्धीत असताना त्याचं मन दहा वेळा भरकटतं, आणि दहाही वेळा त्याला कळतं. म्हणून त्याला वाटतं, आज लक्षच लागत नाही. प्यायल्यावर ते वीस वेळा भरकटतं आणि त्याला दोनदाच कळतं. म्हणून वाटतं, वा, आज छान लक्ष लागलं. (आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतलेत.) पहारेकरी झोपला की चोरीची तक्रार येत नाही, तसं हे आहे. पंचशीलातल्या पाचव्या शीलात 'पमाद' हा शब्द आपण लहानपणापासून म्हणत आलो. त्याचा अर्थ गाफीलपणा. दारू माणसाला गाफील करते आणि आपण गाफील आहोत हेही कळू देत नाही.

काही मुलं मात्र हुशार असतात, ती आम्हालाच उलट सांगतात की ताई, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, त्याला 'बामर पीक' म्हणतात. ठरावीक प्रमाणात दारू रक्तात असली की प्रोग्रामर अफाट काम करतो म्हणे. हे सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. हा विनोद आहे. २००७ साली एक्सकेसीडी नावाच्या अमेरिकी व्यंगचित्रमालेत तो आला, आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीचे त्या वेळचे प्रमुख स्टीव्ह बामर यांचं नाव त्याला गमतीनं दिलं. चित्रातल्या आलेखात जो उंच सुळका दाखवलाय तो रक्तात साधारण ०.१३ टक्के दारू असतानाचा. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १३० मिलिग्रॅम. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. चौपटीहून जास्त! एवढी चढलेल्या माणसाला साधं सरळ चालता येत नाही, कोड काय लिहिणार.

एक खराखुरा प्रयोगही आहे, तो लपवायचं कारण नाही. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात केलेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. थोडी चढलेल्या तरुणांना शब्दांची कोडी घातली. तीन शब्द द्यायचे आणि तिन्हींना जोडणारा चौथा शोधायचा. आपल्याकडे बैल, आग, घोडा दिले तर उत्तर येईल 'गाडी', तसं. ही कोडी प्यायलेल्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त सोडवली आणि लवकर सोडवली. एवढंच मुलांच्या कानावर येतं. पण डोक्यात गोष्टी धरून ठेवण्याच्या चाचणीत तीच मंडळी मागे पडली. एखादी कल्पना अचानक सुचायला सैल डोकं कधी उपयोगी पडत असेलही. पण शिकणाऱ्या मुलाचा नव्वद टक्के वेळ कल्पना सुचण्यात जात नाही, चूक कुठे झाली ते शोधण्यात जातो. जुना कोड नीट वाचणं, धीर धरणं, एकेक ओळ तपासणं. तिथे सैल डोकं घातच करतं. ही मुलंच सांगतात, रात्री जे भारी वाटलं ते सकाळी उघडून बघितलं की अर्धं पुसावं लागतं.

आता बाटलीचा हिशेब करू, कारण "थोडीच घेतो" यातलं थोडी किती हे घरात कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरतात. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलिलिटरची एक बाटली, यात साधारण ४१ ग्रॅम. म्हणजे चार मापं. व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास. सहा मापं. आणि यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निपटवतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानंच त्याचा वेग वाढत नाही. रात्री बाराला क्वार्टर संपवणारा मुलगा सकाळी सहालाही पूर्ण उतरलेला नसतो, आणि साडेसातला बाइकला किक मारून कामावर निघालेला असतो. मुलींच्या बाबतीत तेवढ्याच दारूनं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं, कारण शरीरात पाण्याचा अंश कमी असतो. मुली घेत नाहीत असं कुणी समजू नये.

काही जण एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून घेतात, झोप येऊ नये म्हणून. हे जास्त वाईट. कॅफिनमुळे झोप उडते, नशा उतरत नाही. आपण ताळ्यावर आहोत असं वाटत राहतं आणि माणूस एरवीपेक्षा जास्त पितो.

यानंतर झोप. आम्हाला विचाराल तर सगळ्यात मोठं नुकसान इथे आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. दारूनं झोप पटकन लागते, म्हणून लोकांना ती झोपेचं औषध वाटते. पण पहिल्या अर्ध्या रात्रीत स्वप्नांची झोप दबते. दारू उतरू लागली की दुसऱ्या अर्ध्यात झोप तुटक होते. घाम, तहान, लघवी, पहाटे चारला टक्क जाग. दिवसभरात शिकलेलं पक्कं बसवण्याचं काम मेंदू झोपेत करतो. म्हणजे मुलगा रात्री तीन तास घासून शिकतो आणि त्यानंतरच्या झोपेत ते बसू देत नाही. क्लासची फी भरायची आणि वहीवर पाणी ओतायचं, असलं हे काम. दुसऱ्या दिवशी डोकं जड, ऑफिसात चुका, त्यावरून बोलणी, आणि संध्याकाळी पुन्हा तेच टेन्शन घेऊन घरी. मग पुन्हा बाटली. मुलाला वाटतं, टेन्शनवर हा उपाय आहे. अर्धं टेन्शन त्या उपायातूनच आलेलं असतं.

प्रयोगांतून आणखी एक दिसलं आहे. दारूच्या अमलाखाली पाठ केलेलं काही वेळा दारूच्या अमलाखालीच जास्त आठवतं, शुद्धीत कमी. आता मुलाखत कधी असते? सकाळी अकराला. कंपनीतली माणसं समोर बसून म्हणतात, फळ्यावर कोड लिहून दाखवा. तिथे क्वार्टर कुठून आणणार? घरी झरझर लिहिणारी मुलं मुलाखतीत थिजतात याला भीती, इंग्रजी, समोरच्याची नजर अशी पुष्कळ कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. त्यात हे एक आपल्या हातानं वाढवू नये.

काही महिन्यांत शरीर सरावतं. एका बिअरनं जे व्हायचं त्याला दोन लागतात. मेंदू ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरचा नवा हिशेब बसवून घेतो आणि न घेता बसलं की हात अस्वस्थ, मन सैरभैर. "न घेता लक्षच लागत नाही" हे वाक्य आता अक्षरशः खरं झालेलं असतं. लॅपटॉप उघडला की तोंडाला चव यायला लागते. इथून पुढे त्याला सवय म्हणत नाहीत, व्यसन म्हणतात, मग ते गुत्त्यावर असो की गुगलवर.

औषधं चालू असणाऱ्यांसाठी दोन शब्द. टीबीच्या गोळ्यांवर दारू घेतली तर यकृताला सूज येऊ शकते, डोळे पिवळे होतात, जीवावरही बेतू शकतं. डोकं दुखतं म्हणून रोज पिणाऱ्यानं पॅरासिटामॉल मनानं खात राहू नये, तेही यकृतावरच जातं. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्यांवर दारू म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. साखरेची औषधं घेणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते, आणि बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय म्हणून पडलाय.

मग त्या मुलानं काय करावं? फक्त "सोडून दे" म्हणून भागत नाही, कारण त्याची अडचण खरी आहे. नऊ-दहा तासांच्या कामानंतर दमलेलं डोकं, गोंगाट आणि जागा नसणं, या तीन गोष्टींवर त्याला काहीतरी हवं आहे.

दमण्यावर झोप हाच उपाय. घरी आल्यावर हातपाय धुऊन वीस मिनिटं आडवं व्हायचं, अलार्म लावून. मग पोटभर पण जड नाही असं जेवण, आणि मग बसायचं. आठनंतर चहा-कॉफी नको. तीन तासांऐवजी दीडच तास बसा, पण पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं उठून फेरी असं बसा. बसण्याआधी कागदावर एकच ओळ लिहायची : आज मला काय करायचं आहे. डोक्यातल्या चिंताही त्याच कागदाच्या मागे लिहून टाकायच्या. हास्यास्पद वाटेल, पण करून बघा. बाटली जे काम करते त्यातलं निम्मं हा कागद करतो. कोड अडला तर मोठ्यानं कुणाला तरी समजावून सांगायचा. ऐकणाऱ्याला कळलं नाही तरी चालतं. सांगता सांगताच चूक सापडते, हे प्रोग्रामर लोकांत सगळीकडे माहीत असलेलं तंत्र आहे. आईला सांगा, ती ऐकेल.

ज्यांना जमेल त्यांनी रात्रीऐवजी पहाट धरावी. बाबासाहेब शाळकरी असताना परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि मग आपण झोपायचे. ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो ती बाबासाहेबांच्या कष्टांसाठी. घरानं केलेल्या सोयीसाठीही ती सांगायला हवी. पोरगा आधी झोपलेला असायचा आणि घर शांत असायचं.

म्हणून घरच्यांचाही यात वाटा आहे. नऊ ते साडेदहा टीव्ही बंद ठेवणं, किमान आवाज बारीक करणं, एक कोपरा मोकळा देणं, "एवढं शिकून अजून नोकरी नाही का" हे त्या वेळेत न बोलणं. बाटली दिसली म्हणून चारचौघांत अपमान करू नये. दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत असताना, एकट्याला विचारावं : न घेता किती दिवस बसून बघशील? आठवड्याचे तीन दिवस जमले तर तिथून पुढे जाता येतं. विहाराच्या कमिटीला आमची विनंती अशी, की वंदनेनंतर हॉलला कुलूप लागतं ते दोन तास उशिरा लावा. चार टेबलं, दोन प्लग आणि एक पंखा एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. वीजबिल कुणी भरायचं हा वाद आम्हाला माहीत आहे. तो सोडवण्यासारखा आहे.

आता एक बाजू डॉक्टरांची. लहानपणापासूनच ज्याचं कशात लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, एका जागी बसवत नाही, त्याला लक्ष न टिकण्याचा एडीएचडी हा आजार असू शकतो. तो मोठेपणीही राहतो. कुणाला सतत धडधड, भीती, वाईट विचार येतात, तर कुणाला कशातच रस वाटत नाही. अशी माणसं दारूला औषध म्हणून धरतात, कारण दुसरं औषध आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात याची तपासणी होते. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. घरातून फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. दोन्ही फुकट.

शेवटी एक धोक्याची सूचना, आणि ती घरातल्या सगळ्यांनी वाचावी. जो कित्येक महिने रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेतो आहे, त्यानं शपथ घेऊन एका दिवसात एकट्यानं बंद करू नये, आणि घरच्यांनीही त्याला खोलीत कोंडून बंद करायला लावू नये. सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस ओळखत नाही, ताप चढतो. यात मृत्यूही होतो. लोक त्याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि भगताकडे नेतात. ही दारू सुटतानाची लक्षणं आहेत, त्यावर हमखास उपचार आहेत : काही दिवस कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. त्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. फिट आली, भास झाले किंवा शुद्ध हरपली तर वाट न बघता १०८ ला फोन करा. गाडीत बसल्यावर डॉक्टरांना रोज किती प्यायचा आणि शेवटची कधी घेतली हे खरं सांगा, कमी करून सांगू नका.